पैसे भरून घेतलेली विमानातली सीट एअरलाइनने बदलली तर काय करायचं

डिसेंबरात आईला घेऊन मुंबईहून दिल्लीला गेलो. तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम चार महिने झाले होते, गुडघा बराच वेळ वाकलेला राहिला की उठताना तिला कळ येते, म्हणून तिकीट काढतानाच तिला ४ सी आणि मला ४ बी अशा दोन सीट वेगळे पैसे भरून घेऊन ठेवल्या होत्या. सीच का, तर सी सीटला पॅसेज उजव्या हाताला येतो, म्हणजे उजवा पाय अधूनमधून बाहेर सरळ करता येतो (डावा गुडघा असेल तर डी घ्यायची, हे मला फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं आणि ते खरंच कामाला येतं). काउंटरवर बॅगा दिल्या, बोर्डिंग पास हातात आले, आणि आईचा नंबर २६ ई, माझा २१ बी. ई म्हणजे मधली सीट. विचारलं तर उत्तर आलं, सर एअरक्राफ्ट चेंज झालंय, सिस्टमने ऑटोमॅटिक दिल्यात.

त्या दिवशी काय झालं ते पुढे येईलच. पण नंतर महिनाभर मी या विषयाच्या मागे लागलो, नियम वाचले, मेल पाठवले, दोन ट्रॅव्हल एजंट मित्रांना पिडलं, आणि जे कळलं ते इथे क्रमाने लिहून ठेवतोय, कारण आईबाबांना किंवा लहान पोरांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येऊ शकते.

आधी हे समजून घ्या की पैसे नक्की कशाचे भरलेत

जवळपास प्रत्येक एअरलाइनच्या अटींमध्ये एक कलम असतं, की ठराविक सीटची गॅरंटी नाही, ऑपरेशनल, सेफ्टी किंवा सिक्युरिटीच्या कारणाने सीट कधीही बदलता येईल, अगदी तुम्ही विमानात बसल्यावरसुद्धा. तिकीट काढताना आपण टिक करतो तो बॉक्स हाच. भारतात डीजीसीएने (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) सीट निवडीचे वेगळे पैसे घ्यायला परवानगी दिलेली आहे, पण अट अशी की ते ज्याला हवंय त्याने निवडून घ्यायचं, आपोआप माथी मारायचं नाही.

आता डीजीसीएचे नुकसानभरपाईचे जे नियम आहेत ते बोर्डिंग नाकारणं, फ्लाइट रद्द होणं, उशीर आणि खालच्या क्लासमध्ये टाकणं यासाठी आहेत. इकॉनॉमीतून इकॉनॉमीतच ४ वरून २६ वर नेलं तर ठरलेली अशी भरपाईची रक्कम नाही. मग हातात काय उरतं, तर जी सेवा मिळाली नाही तिचे पैसे परत मागायचा हक्क, आणि काउंटरवर तुमची गरज नीट सांगून त्याच प्रकारची दुसरी सीट मिळवणं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, नंबरासाठी भांडू नका, प्रकारासाठी भांडा. आयल (पॅसेजलगतची सीट), पुढच्या रांगा, जास्त लेगरूम, मुलाशेजारची जागा, यातलं जे खरंच हवं होतं ते मागा.

सीट का बदलते, हे माहीत असलं की बोलायला सोपं जातं

सगळ्यात मोठं कारण म्हणजे विमानच बदलणं. आपल्याकडे डोमेस्टिकला एअरबस ए३२० खूप आहेत, त्यात पूर्ण इकॉनॉमी असेल तर १८० किंवा १८६ सीट, त्याचाच लांब भाऊ ए३२१ असेल तर २२० च्या वर. सकाळी एका विमानात बिघाड निघाला किंवा ते कुठेतरी अडकलं की ऑपरेशनवाले दुसरं लावतात, आणि सिस्टम सगळ्यांना नव्या नकाशात बसवते, त्यात कोणी पैसे भरलेत, कोण मायलेकरं आहेत हे प्रत्येक वेळी नीट जुळतंच असं नाही. इथे एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते, ती म्हणजे नंबर तोच राहिला म्हणून सीट तीच राहिली असं नसतं. ए३२० मध्ये पंखावरची इमर्जन्सी एक्झिटची रांग साधारण १२-१३ ला असते, ए३२१ मध्ये ती दुसरीकडे असते, म्हणजे तुम्ही लेगरूमसाठी जास्त पैसे भरून १२ घेतली आणि विमान बदललं तर पासवर १२ च दिसेल, पण गुडघे मात्र पुढच्या सीटला टेकतील.

छोट्या एटीआरची तऱ्हा तर अजून वेगळी. कोल्हापूरसारख्या ठिकाणी ही पंख्याची विमानं येतात, ७८ च्या आसपास सीट, दोन इकडे दोन तिकडे, आणि अक्षरं ए, सी, डी, एफ. बी आणि ई नसतातच, त्यामुळे मोठ्याच्या जागी एटीआर आलं की बी-ई वाल्यांना हलवावंच लागतं. शिवाय एटीआरमध्ये प्रवासी चढतात ते मागच्या दाराने. म्हणजे आजीला चालायला नको म्हणून पैसे भरून पुढची रांग घेतलीत तर तिला अख्खं विमान चालत जावं लागणार! तिथे मागची सीट घ्यायची. तिकिटावर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघूनच सीट निवडा.

बाकीची कारणं अशी: सीट मोडलेली असणं (फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांना भोपाळ-दिल्ली विमानात खचलेली सीट मिळाली होती आणि त्यांनी ते जाहीरपणे लिहिलं होतं), दोन फ्लाइट एकत्र करणं, छोट्या विमानात वजनाचा तोल, एक्झिट रांगेत न चालणारा प्रवासी असणं, म्हणजे लहान मूल, गरोदर बाई किंवा ज्याला स्वतःलाच मदत लागते असा माणूस. हे शेवटचं कारण असेल तर वाद घालू नका, तो नियम जीव वाचवायला आहे. आणि एक कारण मुलांचं. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने एअरलाइन्सना सांगितलं की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या (म्हणजे एकाच बुकिंग नंबरवरच्या) आई-वडील किंवा पालकांपैकी निदान एकाशेजारी सीट द्यायलाच हवी. त्यासाठी कधीकधी एकट्या माणसाला हलवतात. मला विचाराल तर हे बरोबरच आहे, फक्त ज्याला हलवलं त्याचे पैसे न मागता परत द्यायला हवेत.

तिकीट काढतानाच करायच्या गोष्टी

सगळे एकाच पीएनआरवर ठेवा. दोघांची तिकिटं वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कार्डांवर काढलीत तर सिस्टमला तुम्ही एकत्र आहात हे कळत नाही, आणि मुलाचा वरचा नियमही एकाच पीएनआरवर असलात तरच लागतो. तिकीट एखाद्या बुकिंग वेबसाइटवरून काढलं असेल तरी सीट शक्यतो एअरलाइनच्या स्वतःच्या साइटवर किंवा ॲपवर जाऊन घ्या, कारण मधल्या साइटवर पैसे भरलेत आणि सीट एअरलाइनपर्यंत पोचलीच नाही असंही होतं, मग दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. सीटची पावती वेगळी सेव्ह करा. त्यात सीट नंबर, प्रत्येकी किती पैसे, टॅक्स किती हे दिसलं पाहिजे. नुसता बँकेचा मेसेज पुरत नाही.

ज्येष्ठांसाठी किंवा आजारी माणसासाठी सीट घेतली असेल तर कारण आधीच कळवून ठेवा, व्हीलचेअर लागणार असेल तर निदान ४८ तास आधी नोंदवा. कस्टमर केअरला फोन करून पीएनआरमध्ये रिमार्क टाकायला सांगा, की गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आयल हवी. डॉक्टरांच्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मी रिमार्क टाकला नव्हता, आणि ती माझी चूक होती.

तिकीट आणि प्रवास यांच्यामधले दिवस

सीट एकदा घेतली की विसरून जायचं नाही. वेळ बदलल्याचा कुठलाही मेल किंवा मेसेज आला, अगदी दहा मिनिटांचा बदल असला, तरी लगेच बुकिंग उघडून सीट बघा, कारण असा बदल म्हणजे बऱ्याचदा विमान बदलल्याचीच खूण असते. तसंच आठवडाभर आधी एकदा बघा आणि वेब चेकइन उघडेल तेव्हा परत. डोमेस्टिकला बहुतेकांचं वेब चेकइन ४८ तास आधी उघडतं, त्या पहिल्या तास-दोन तासांत करून टाका. दर वेळी सीट दिसते त्या स्क्रीनचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या.

आणि समजा तेव्हाच सीट बदललेली दिसली, तर घाईघाईत स्वतः दुसरी सीट निवडून कन्फर्म करू नका, कारण मग बदल तुम्हीच केलात असं म्हणायला त्यांना वाव मिळतो. आधी स्क्रीनशॉट, मग चॅट किंवा फोन, मग त्यांच्याकडूनच नवी सीट लावून घ्या आणि चॅट सेव्ह करा. फोनवर बोललात तर तक्रार नंबर मागा. अगदीच नाइलाज झाला आणि सीट हातची जाईल असं वाटलं तर परत पैसे भरून घ्या, पण ती पावती वेगळी ठेवा आणि त्याच मिनिटाला मेल टाका की तुम्ही आमची सीट काढल्यामुळे हे पैसे भरावे लागले.

एअरपोर्टवर

मी काउंटरवर पहिली दहा मिनिटं वाया घालवली ती "माझी ४ सीच द्या" म्हणण्यात. समोरच्या मुलाच्या स्क्रीनवर ४ सी दुसऱ्या कोणाची तरी होती, तो ती काढून देणार नव्हता, मागे रांग खोळंबली होती, आई बाजूला ट्रॉलीचा दांडा धरून एका पायावर भार देऊन उभी. असं करू नका. शांतपणे असं बोला: "पैसे भरून आयल घेतली होती, पावती ही बघा. आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला सी बाजूची आयल हवी, पहिल्या आठ-दहा रांगांतली कुठलीही चालेल. तुमच्या हातात नसेल तर ड्युटी मॅनेजरना बोलवा." एवढंच. नेमकं काय चालेल हे सांगितलं की त्यांना शोधायला सोपं जातं. आणि जाता जाता सीट का बदलली हे पीएनआरमध्ये लिहायला सांगा, नंतर मेलमध्ये उपयोग होतो.

काउंटरवर झालं नाही तर गेटवर होतं, बऱ्याचदा तिथेच होतं. डोमेस्टिकला काउंटर विमान सुटण्याच्या साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो, गेट २५ मिनिटं आधी. म्हणजे मधल्या अर्ध्या तासात कोण आलंच नाही हे गेटवरच्या लोकांना कळायला लागतं आणि सीट मोकळ्या होतात. त्यामुळे सिक्युरिटीतून लवकर निघा, गेटवर जाऊन आधी नाव सांगून ठेवा, आणि बोर्डिंग सुरू व्हायच्या आधी परत एकदा विचारा. आमच्या गेटवर एक सुपरवायझर बाई होत्या, त्यांनी आईकडे बघितलं, विचारलं, "मावशी, कुठला पाय?" आणि पाच मिनिटांनी ६ सी चा पास हातात दिला, जुन्या पासवर पेनाने काट मारून. मला नाही मिळाली, मी २१ बी वरच गेलो, पण माझं काही अडलं नव्हतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये हर्षा भोगलेंनी असाच एक प्रसंग ट्विटरवर लिहिला होता. त्यांच्या विमानात एक वयस्कर जोडपं होतं, कमी चालावं लागावं म्हणून पैसे भरून चौथी रांग घेतलेलं, आणि त्यांना काही न सांगता १९ व्या रांगेत टाकलं होतं. बरोबरच्या लोकांनी आवाज उठवल्यावर त्यांना जुन्या जागा परत मिळाल्या. म्हणजे जागा असते, विचारणारा माणूस हवा. रांगेत शेजारी एखादी आजी अशी अडकलेली दिसली तर तिच्या वतीने तुम्ही बोला, एकट्या म्हाताऱ्या माणसाला हे सगळं सुचत नाही.

एक धोका ओळखा. पासवर सीट नंबरच नसेल आणि "गेटवर मिळेल" म्हणाले, तर तो सीट बदलण्याचा मामला नाही, ओव्हरबुकिंग असू शकतं. जागा नाही म्हणून चढूच दिलं नाही तर डीजीसीएचा नियम वेगळा आहे. मूळ वेळेपासून तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवलं तर भरपाई नाही, २४ तासांच्या आत पाठवलं तर एका बाजूच्या बेसिक भाडं अधिक फ्युएल चार्जच्या २०० टक्के पण जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्याहून उशिरा पाठवलं तर ४०० टक्के पण जास्तीत जास्त २०,०००. दुसरं विमान नको असेल तर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर ते ४०० टक्के, मर्यादा तीच २०,००० ची. हे मिळवायचं असेल तर वेळेत चेकइन केल्याचा आणि वेळेत गेटवर असल्याचा पुरावा लागतो, फोटो काढून ठेवा.

विमानात शिरल्यावर

तुमच्या मूळ सीटवर दुसरं कोणी बसलेलं दिसलं तर त्याच्याशी वाद नको, त्यालाही ती सिस्टमनेच दिलीये. केबिन क्रूला सांगा, आधी पासवरच्या जागेवर बसा, आणि दार बंद झाल्यावर रिकाम्या सीट दिसल्या तर परत विचारा. लेगरूमच्या महागड्या रांगा रिकाम्या असल्या तरी आपणहून जाऊन बसायचं नाही. क्रूने "उठा" म्हटलं तर उठायचं, भांडण खालच्या जमिनीवर, कागदावर करायचं, कारण विमानात कॅप्टनचा शब्द शेवटचा असतो आणि अनरूली पॅसेंजर (गोंधळ घालणारा प्रवासी) म्हणून नाव लागलं तर उड्डाणबंदीपर्यंत जातं. तुमच्या हक्काच्या तक्रारीचं तिथेच वाटोळं होतं. रांगेचा नंबर आणि तुमची जागा दिसेल असा एक फोटो काढा, सीट मोडकी असेल तर तिचाही. लोकांचे किंवा क्रूचे फोटो काढू नका.

घरी आल्यावर पैसे परत मागणं

पहिल्या दोन-तीन दिवसांतच करा. मेलमध्ये पीएनआर, फ्लाइट नंबर, तारीख, मूळ सीट, दिलेली सीट, भरलेले पैसे टॅक्ससकट, कोणी काय कारण सांगितलं, आणि मागणी काय हे सगळं यायला हवं. सोबत पावती, जुना स्क्रीनशॉट, बोर्डिंग पास. बोर्डिंग पास थर्मल कागदावर असतो, काही महिन्यांत अक्षरं उडतात, त्याच दिवशी फोटो काढा! रागाचा इतिहास लिहू नका, आठ-दहा ओळींत संपवा. मागणी एका वाक्यात: सीटचे अमुक रुपये मूळ पेमेंटच्या खात्यात परत द्या, क्रेडिट व्हाउचर चालणार नाही.

माझ्या पहिल्या मेलला ठोकळेबाज उत्तर आलं, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, सीट बदलायचा हक्क आम्ही राखून ठेवतो वगैरे. यावर गप्प बसायचं नाही. बदलायचा हक्क तुमचा असेल, पण बदलल्यावर पैसे ठेवायचा हक्क कुठल्या कलमात आहे, एवढं विचारा. मग नोडल ऑफिसर (एअरलाइनचाच तक्रारी बघणारा अधिकारी), मग अपेलेट ऑथॉरिटी (त्याच्या वरचा, अपील ऐकणारा), यांचे पत्ते प्रत्येक एअरलाइनच्या साइटवर असतात, तळाशी कुठेतरी. मला नोडल ऑफिसरच्या पायरीवर २१ बी चे पैसे मिळाले. आईचे नाही मिळाले, कारण ६ सी त्याच दराची सीट निघाली, आणि ते मला पटलं.

तिथेही नाही झालं तर एअरसेवा पोर्टल किंवा ॲपवर तक्रार टाका, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं आहे, तक्रार थेट एअरलाइनकडे जाते आणि उत्तर द्यावं लागतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, तिथे तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात केस टाकता येते, म्हणजे सांगलीच्या माणसाला दिल्लीला जायची गरज नाही, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. नुसत्या काहीशे रुपयांच्या सीटसाठी बहुतेक जण एवढं करणार नाहीत, पण म्हाताऱ्या माणसाला खरंच त्रास झाला असेल, मुलाला एकटं बसवलं असेल, तर करा.

बिझनेसमधून इकॉनॉमीत टाकलं तर

इथे नियम पक्का आहे, १५ फेब्रुवारी २०२३ पासून. डोमेस्टिकला टॅक्ससकट तिकिटाच्या ७५ टक्के परत. इंटरनॅशनलला अंतरावर: १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १,५०० ते ३,५०० पर्यंत ५० (मुंबई-दुबई यात येतं), त्यापुढे ७५ (लंडन, अमेरिका). हेच टक्के आणि हीच अंतरं युरोपच्या २६१/२००४ या नियमातही आहेत. काउंटरवर दोन हजाराचं कूपन पुढे केलं तर सही करू नका.

आईबाबा एकटे अमेरिकेला निघाले असतील तर

मुलंमुली तिकडून तिकीट काढून पाठवतात, मुंबईहून एक एअरलाइन, पुढे दुसरी, कोडशेअर (तिकीट एका एअरलाइनचं, विमान दुसरीचं). प्रत्येक टप्प्याची सीट वेगळी असते आणि जी एअरलाइन प्रत्यक्षात उडवते तिचा पीएनआर वेगळा असू शकतो, तो मागून घ्या आणि तिच्याच साइटवर सीट बघा. बऱ्याच मोठ्या एअरलाइन्समध्ये सीटच्या पैशांचा वेगळा ईएमडी नंबर मिळतो, तिकिटासारखाच १३ आकडी, तो जपा, कारण तिकीट दुसऱ्या फ्लाइटवर हलवलं की सीट आपोआप सोबत जात नाही, पुन्हा लावून घ्यावी लागते. अमेरिकेला येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना तिथल्या परिवहन खात्याचा एप्रिल २०२४ चा नियम लागतो, पैसे घेऊन न दिलेल्या सेवेचे पैसे परत द्यायचे, त्यात सीट निवडही आली, आणि तक्रार त्या खात्याच्या साइटवर घरबसल्या होते.

बाबांच्या खिशात एक कागद देऊन ठेवा. त्यावर दोन्ही पीएनआर, दोन्ही सीट नंबर, पैसे भरल्याची तारीख, आणि इंग्रजीत दोन ओळी की आम्ही दोघं शेजारी बसायला हवं, हिला इन्सुलिन मी देतो. काउंटरवर काही बोलायचं नाही, फक्त तो कागद पुढे करायचा.